पोटाच्या पथ्यात भाजीच्या नूडल्स करायलेय, दरवेळी गिच्च गोळा होतोय, कुणाला जमलंय का?

शहापूरची_माई

नमस्कार ओ सगळ्यांना. आम्ही बेळगावात शहापूरला असतो. माझी लेक पीयूसी सेकंड इयरला आहे, गेलं वर्षभर तिच्या पोटाचं काही खरं नव्हतं, जेवली की तासाभरात पोट ढोलासारखं फुगायचं, कळा यायच्या, कधी सकाळी चार-चारदा जायला लागायचं तर कधी तीन दिवस काहीच नाही, आणि कॉलेजला निघायच्या वेळेला तर हमखास. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतडं हळवं असण्याचं दुखणं, म्हणून सांगितलं आणि डाएटिशियनकडे पाठवलं. त्या बाईंनी लो फॉडमॅपचं, म्हणजे पोटात गॅस करणाऱ्या काही साखरा टाळायचं, पथ्य दिलंय सहा आठवड्यांचं, त्यातला आज बारावा दिवस. कांदा बंद, लसूण बंद, गहू-मैदा बंद, दूध-दही बंद, डाळी-कडधान्यं जवळजवळ बंद, फ्लॉवर, मश्रूम, सफरचंद, आंबा सगळं बंद.

फरक पडायलाय हे खरं, पोट फुगायचं बरंच कमी झालंय. जोंधळ्याची भाकरी, भात, अंडं, गाजर-फरसबीची भाजी हे ती गप खाते. पण तिचा जीव नूडल्समध्ये. शनिवारी क्लास सुटला की सगळ्या मैत्रिणी गाड्यावर गोबी मंचुरियन नाहीतर नूडल्स खायला जातात, ही पण जाते आणि पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभी राहते. परवा हे तिनं मला सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही, आणि मला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हा ठरवलं की घरात भाजीच्याच नूडल्स करून द्यायच्या.

तर पहिल्यांदा कॅम्पातनं झुकिनी आणली, लांब लांब किसली आणि उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकली, चाळणीत ओतली तर नुसतं हिरवं गिच्च. दुसऱ्यांदा दुधी घेतला, थेट कढईत टाकला, वर मीठ घातलं आणि बघता बघता कढईत तळं झालं. लेकीनं काही न बोलता चमच्यानं खाल्लं, नूडल्स चमच्यानं, मला कसंतरीच झालं. तिसऱ्यांदा गाजर, ते आतनं कच्चंच राहिलं, चावून चावून जबडा दुखला आणि संध्याकाळी पोट पण दुखलं.

आणि चवीचं काय करायचं ते पण सांगा. आमच्यात कांदा-लसूण चटणी घातल्याशिवाय कुठलीच भाजी होत नाही, हात आपोआप त्या डब्याकडे जातो. नुसतं मीठ-मिरपूड घालून ते हॉस्पिटलचं जेवण लागतंय. कुणी हे पथ्य करत करत असल्या नूडल्स केल्या असतील तर कुठली भाजी, कशी कापायची, किती वेळ परतायची सगळं सविस्तर सांगा, मी वही घेऊन बसलेय.

निपाणीचा_तात्या

माई, मी निपाणीचा. हेच दुखणं मी सहा वर्षं काढलंय आणि हेच पथ्य केलंय, त्यामुळं बाटली घेऊन उभं राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. लेकीला माझ्याकडनं शाबासकी सांगा, ह्या वयात बारा दिवस पाळणं म्हणजे लई झालं.

तुमचं चुकतंय ते एकाच ठिकाणी. मैद्याची नूडल पाणी पिते आणि भाजीची नूडल पाणी सोडते, म्हणून तिला नूडल्ससारखं उकळायचंच नाही. झुकिनीत 100 ग्रॅममागं 94-95 ग्रॅम पाणीच असतंय, दुधीचं पण तसंच, उकळलं की ते गळून जाणारच. आपण कोशिंबिरीची काकडी कशी करतो, मीठ लावून ठेवायची आणि पिळायची, तसं करा. झुकिनीच्या मधला बियांचा मऊ भाग सोडून द्यायचा, बाहेरचा टणक भागच लांब कापायचा, पाव चमचा मीठ चोळून चाळणीत 20 मिनिटं ठेवायचा, मग स्वच्छ पंच्यात बांधून पिळायचा, पण दाबून चुरा करायचा नाही, धुतलेलं कापड पिळतो त्याच्या निम्म्या जोरानं. वाटीभर पाणी निघतंय बघा. मग लोखंडी कढई धूर यायच्या बेतापर्यंत तापवायची, तेल, आणि मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं, बास. झाकण अजिबात ठेवायचं नाही आणि एका वेळेला एकाच माणसाचं करायचं. चौघांचं एकदम टाकलं की कढई गार होते आणि परत तळं. मीठ आधीच लागलेलं असतंय, वर सोया सॉस पण खारट, म्हणून वरनं मीठ टाकायचं नाही, मी पहिल्यांदा टाकलं आणि सगळं फेकलं.

गाजराचं उलटं. त्याला पाणी कमी आणि अंग घट्ट, म्हणून तेवढंच उकळत्या पाण्यात टाकायचं, पण पातळ कापून आणि मिनिट-दीड मिनिटच. पिलरनं वरनं खालपर्यंत लांब पट्ट्या काढा, तीन-चार पट्ट्या एकावर एक ठेवून सुरीनं उभ्या चिरा, नूडल्सच्या जाडीच्या. वेगळं मशीन घ्यायची काही गरज नाही. मिठाच्या उकळत्या पाण्यातनं काढलं की लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर पसरून कोरडं करायचं. ओलं तेलात गेलं की परततच नाही, वाफारतं. पाणचट मोठं गाजर घेऊ नका, मध्यम जाडीचं सरळ बघून घ्या, वाकडं-तिकडं असलं की पट्टी तुटते.

पांढरा मुळा कुणी सांगत नाही, पण मला तोच सगळ्यात आवडतो. मीठ लावून पिळला की उग्र वास निम्मा जातो आणि परतल्यावर खरंच नूडल्ससारखा लवचिक राहतो. नवलकोल पण चांगला, जरा गोडसर.

गोबीचं तेवढं लेकीला समजावून सांगा. फ्लॉवरमध्ये मॅनिटॉल म्हणून एक साखर असते, ह्या टप्प्यात ती नकोच, घरी तळलेली पण नको. आणि गाड्यावरच्या त्या लालभडक गोबीचं तर 2024 च्या मार्चमध्ये आपल्या कर्नाटक सरकारनंच कृत्रिम रंग घालायला बंदी घातली, तपासणीत नको ते रंग सापडले म्हणून. त्यामुळं पथ्य संपल्यावर सुद्धा घरीच करून घाला. रंगासाठी बेडगी मिरची भिजवून वाटा, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. संकेश्वरी घालू नका, तिखट जास्त झालं की आयबीएसवाल्याचं आतडं लगेच बोलतं, माझं तरी बोलतं.

चिकोडी_कोडर

मध्येच एक विचारतो, गहू बंद करायच्या आधी सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याला इजा होते त्या आजाराची, टेस्ट झाली होती का? टीटीजी म्हणून रक्ताची असते. मला आधी आयबीएस म्हणूनच सांगितलं होतं, मी आपल्या मनानं गहू सोडला, बरं वाटलं, आणि चार महिन्यांनी टेस्ट केली तर त्यात काहीच दिसेना. डॉक्टर म्हणाले की गहू खात असतानाच ही टेस्ट करायची असते, सोडल्यावर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मग परत कित्येक आठवडे रोज चपात्या खाल्ल्या, लई त्रास काढला, आणि निघाला सिलिॲकच. रिपोर्टची फाइल काढून बघा, त्यात नसेल तर डॉक्टरांना फोन करा.

झाली असेल आणि निगेटिव्ह असेल तर सोया सॉसचं टेन्शन नको, त्यात गहू असला तरी चमचा-दोन चमच्यांनी फॉडमॅप वाढत नाही. माझ्यासारख्याला मात्र तो चालत नाही, आणि डबीतला हिंग पण चालत नाही, कारण आपल्याकडच्या बऱ्याच हिंगात मैदा मिसळलेला असतो. लेबल वाचायची सवय लावा, तयार शेजवान चटणी आणि नूडल्सच्या मसाल्याच्या पुड्या ह्यात बहुतेक वेळा कांदा-लसूण असतोच.

खानापूरची_अज्जी

माई, तू माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. नातू टाइप करायलाय, मी सांगायलेय.

तू दुधी केलास म्हणालीस ना, तर कुठलाही दुधी, काकडी, दोडका चिरायच्या आधी एक बारीक तुकडा कच्चा जिभेवर ठेवून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि अख्खं फळ टाकून द्यायचं, शिजवून कडूपणा जात नाही आणि विषच असतं ते, माणसं दवाखान्यात गेलेली आहेत कडू दुधीचा रस पिऊन. पोट आधीच नाजूक असलेल्या पोरीला तर हे आधी बघायचं.

आता माझं ऐक. पोरीला नूडल्स खायच्यात तर तांदळाच्या शेवया का करत नाहीस? आमच्यात सणाला व्हायच्या, खाली कोकणात त्याला शिरवाळे म्हणतात आणि आमच्या शेजारणी कानडी आहेत त्या ओत्तु शाविगे म्हणतात, वस्तू एकच. गव्हाचा कण नाही त्यात. जेवढं तांदळाचं पीठ तेवढंच पाणी, पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळी आणायची, पीठ घालून ढवळायचं, झाकून एक वाफ आणायची. गरम गरम मळून मुठीएवढे मुटके करायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगले की पाच मिनिटांनी काढायचे आणि गरम असतानाच सोऱ्यात घालून दाबायचे, बारीक शेवेची चकती लावून. गार झालं की दाबता येत नाही, हात दुखतात. आमच्याकडे लाकडी साचा होता, एकानं धरायचा आणि दुसऱ्यानं वर लोंबकळायचं, तुझ्याकडं पितळी सोऱ्या असेल तर एकटीला जमेल. एकेक घास पसरून ठेव, एकमेकांवर टाकलंस तर चिकटतील. नवं तांदूळ चिकट होतं, जुनं घे.

ह्यात तुझं ते गाजर आणि मुळा मिसळ, वरनं खोबरेल तेलात मोहरी, कढीपत्ता, आल्याची फोडणी. एवढं केलंस की पोरीला काय कमी पडलंय असं वाटायचं नाही.

एक समजत नाही मला, ताक का बंद केलंय? पोट बिघडलं की आपल्यात आधी ताक-भात देतात.

अनगोळ_डाएटकिचन

अज्जी, तुमचा प्रश्न बरोबर आहे. ताकात दुधातली साखर, लॅक्टोज, थोडी का होईना राहतेच आणि पहिल्या टप्प्यात ती पण काढून बघायची असते, म्हणून बंद. कायमचं नाही, पुढं एकेक करून परत आणतात त्यात दूध-ताकाचा पण नंबर येतो. लोणी, तूप मात्र आत्ताही चालतं.

मी हॉस्पिटलच्या डाएट किचनमध्ये 11 वर्षं काम केलंय, ह्या पथ्याचे डबे रोज भरलेत म्हणून लिहिते. पथ्य ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तयार झालं, तिथं एकेक भाजी लॅबमध्ये तपासून किती ग्रॅमपर्यंत चालते ते काढलंय. फॉडमॅप म्हणजे अशा साखरा की ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्या आतड्यात पाणी ओढतात आणि पुढं मोठ्या आतड्यात जंतू त्यांच्यावर ताव मारतात, गॅस होतो. गॅस सगळ्यांनाच होतो पण आयबीएसवाल्याचं आतडं हळवं असतं, त्याला त्याचीच कळ लागते. म्हणून इथं भाजी "चालते की नाही" एवढं विचारून भागत नाही, किती हे बघायला लागतं. झुकिनी एका वेळेला साधारण 65 ग्रॅमपर्यंत, आणि एक मध्यम झुकिनीच 200 ग्रॅमची असते, अख्खी खाल्ली तर पथ्य मोडलंच. कोबी, हिरवी ढोबळी, फरसबी 75 ग्रॅमच्या आसपास. गाजराला असं बंधनच नाही, म्हणून नूडल्सचा मोठा हिस्सा गाजराचा ठेवा. आणि प्रत्येक भाजी मर्यादेत आहे म्हणून पाच भाज्यांचं मिश्रण करायचं नाही, सगळ्यांचं मिळून परत जास्तच होतं. गाजर अधिक एखादी भाजी, बास. दोनशे-तीनशे रुपयांचा वजनकाटा येतो, तो घ्या, अंदाजानं होत नाही. गाजर खाऊन पोट दुखलं होतं ते फॉडमॅपमुळं नसणार, कच्चा चोथा जड पडला असणार.

लसणाचं सांगते, हे कळलं की तुमची निम्मी काळजी जाईल. लसणातली त्रास देणारी साखर, फ्रुक्टन, पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून तेलात अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर तांबूस होईपर्यंत तळायच्या आणि सगळ्या बाहेर काढून टाकायच्या, तुकडा पण राहता कामा नये. तेलात वास आणि चव पूर्ण उतरते आणि साखर येत नाही. पण आमटीत, रश्श्यात पाकळी घालून नंतर काढली असं चालत नाही, तिथं पाणी आहे, ती उतरलीच. तेल रोज लागेल तेवढंच ताजं करा, लसणाचं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका, त्यात बोट्युलिझम म्हणून जीवघेणी विषबाधा करणारे जंतू वाढू शकतात आणि वासावरनं कळत नाही. कांद्यासाठी पात घ्या, फक्त हिरवा भाग, खालचा पांढरा कापून टाका. तुमची कांदा-लसूण चटणी तेवढी कपाटात बंद करा, त्याऐवजी बेडगी, जिरे, धने, सुकं खोबरं आणि तीळ भाजून वेगळी चटणी कुटून ठेवा, एका वेळेला चमचाभर.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. सतरा वर्षांची पोर आहे, वाढीचं वय. 100 ग्रॅम झुकिनीत फक्त 17 कॅलरी, गाजरात 41, आणि तेवढ्याच सुक्या नूडल्समध्ये साडेतीनशेच्या आसपास. नुसत्या भाजीच्या नूडल्स जेवण म्हणून दिल्या तर पोट भरल्यासारखं वाटेल आणि अंगाला काही लागणार नाही, परीक्षेच्या वर्षात हे नको. आमच्याकडं एक मुलगी महिन्यात चार किलो उतरून आली होती, घरचे खूश होते की पोट शांत झालं म्हणून. निम्म्या तांदळाच्या शेवया, अज्जींनी सांगितलेल्या किंवा दुकानातल्या राइस नूडल्स, वर दोन अंडी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, हे सगळं पथ्यात बसतं. दर आठवड्याला वजन बघा.

सहा आठवडे झाले की थांबायचं. बरं वाटतंय म्हणून लोक वर्षभर ओढतात, तसं करू नका, कारण ह्याच साखरांवर आतड्यातले चांगले जंतू पण जगतात. एक पदार्थ घ्यायचा, तीन दिवस थोडा थोडा वाढवत द्यायचा, लिहून ठेवायचं, मग दुसरा. कांदा वेगळा, लसूण वेगळा, गहू वेगळा. बऱ्याच जणांना ह्यातला एखादाच नडतो. शौचातनं रक्त, रात्री झोपेतनं उठायला लागणं, ताप, वजन उतरणं ह्यातलं काही दिसलं तर नूडल्स-बिडल्स बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

शहापूरची_माई

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू ओ. फाइल काढून बघितली, टीटीजी झालेली आहे, गहू खात असतानाच झाली होती आणि निगेटिव्ह आहे, तरी डॉक्टरांना विचारून खात्री केली.

काल शनिवार होता. सकाळी गणपत गल्लीतनं सरळ गाजरं आणि एक मुळा आणला, वजनकाटा घेतला. अज्जी, सोऱ्या सासूबाईंचा माळ्यावर होता, चिंचेनं घासून काढला. पहिला मुटका दाबला तो गार झाला होता, जागचा हलला नाही, दुसरा चटका सोसत दाबला आणि अशा सुंदर पांढऱ्या शेवया पडल्या की मी एकटीच हसत होते. गाजर 90 ग्रॅम, मुळा 60, मुळा पिळून घेतला, तात्या तुम्ही सांगितलेलं निम्म्या जोराचं पिळणं पहिल्याच वेळी जमलं. लसणाचं तेल करताना पाकळ्या मोजून टाकल्या आठ आणि मोजून काढल्या आठ. आलं, पातीची हिरवी टोकं, बेडगीचं वाटण, चमचाभर सोया सॉस, दोन अंडी, शेंगदाणे. तीन मिनिटात कढईतनं खाली, एक थेंब पाणी सुटलं नाही.

लेक क्लासवरनं आली, दारातच म्हणाली लसूण कशात घातलास, मी नाही खाणार. मग तिला तेलाचं सगळं समजावलं तेव्हा बसली. काट्यानं गुंडाळून खाल्लं. रात्री दहापर्यंत मी दर अर्ध्या तासानं विचारत होते पोट कसं आहे, शेवटी म्हणाली आई झोप आता. आज सकाळी पण ठीक आहे.

आता एकच विचारायचं राहिलंय. पुढच्या शनिवारी तिला डब्यात द्यायचं म्हणतेय, मैत्रिणी गाड्यावर खातील तेव्हा हिच्या हातात पण काहीतरी असेल. दुपारपर्यंत राहील का, का पाणी सुटेल?

निपाणीचा_तात्या

झुकिनी असेल तर नाही राहणार. गाजर आणि शेवया राहतील, पण भाजी पूर्ण गार करून मग डबा भरा, गरम भरला की झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी खाली येतं. मुळा डब्यात नको, झाकण उघडल्यावर वास मारतो, पोरीला मैत्रिणींत अवघडल्यासारखं होईल. शेवयांना जरा जास्त तेल लावा म्हणजे गोळा होणार नाही, आणि अंडं उन्हाळ्यात दुपारपर्यंत ठेवू नका, त्याऐवजी शेंगदाणे वाढवा.

खानापूरची_अज्जी

आणि दोघी-तिघींना पुरेल एवढं दे गं. एकटीनं खायला लावू नकोस.